ओझरचं मिग-२१ घरच्या टेबलावर: पहिलं मॉडेल रंगवताना

नाशिककराने लढाऊ विमानाचं पहिलं मॉडेल रंगवायला घ्यायचं तर ते मिग-२१ असावं, असं माझं ठाम मत आहे. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग उभा राहिला तो याच विमानासाठी. आधी एफएल, मग एम, मग बिस असे प्रकार इथे बांधले गेले. पुढे मिग-२७ आलं, सुखोई-३० आलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. ज्या घरातली दोन-दोन माणसं ओझरच्या बसने कारखान्यात जात होती, अशी घरं आपल्याकडे ढिगाने आहेत. त्या घरांच्या शोकेसमध्ये हे विमान नीट रंगवलेलं दिसायला हवं.

हा लेख १:७२ प्रमाणातल्या प्लॅस्टिक किटबद्दल आहे. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम १० सेंटिमीटर. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतभरसुद्धा नाही. पुढची प्रत्येक पायरी या आकाराशी बांधलेली आहे. विमान ७२ पट लहान झालं, पण तुमच्या ब्रशमधून उतरणारा रंग लहान झालेला नाही. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर बसला, तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटरचा गिलावा झाला. त्यामुळे पातळ रंग, पातळ थर आणि मोजकं काम एवढं सांभाळलं की पहिलं मॉडेलसुद्धा चांगलं होतं.

आधी विमान ठरवा, मग रंग

किट उघडायच्या आधी एका विशिष्ट विमानाचे फोटो मिळवा. शेपटीवरचा क्रमांक दिसेल असे, शक्यतो दोन्ही बाजूंचे. नुसतं ‘भारतीय मिग-२१’ म्हणून भागत नाही. एफएल, ज्याला हवाई दलात टाइप ७७ म्हणत, त्याची पाठ बारीक. बिसची पाठ इंधनाच्या टाक्यांमुळे जाड आणि फुगीर. बिसच्या पोटात तोफ आहे, एफएलच्या पोटात नाही. बायसन हे बिसचंच सुधारलेलं रूप, पण त्याची पायलटसमोरची काच एकसंध आहे. तेव्हा खोक्यावर कोणता प्रकार छापलाय आणि बाजूला कोणत्या देशाच्या खुणा दिल्यात, हे पैसे देण्याआधी पाहा. भारतीय खुणा नसल्या तर त्या वेगळ्या मागवाव्या लागतात.

नवख्याने करड्या रंगातलं विमान निवडावं. शेवटच्या वर्षांतली बहुतेक बायसन करड्या छटांत दिसतात. सुरुवातीच्या काळातली चमकत्या ॲल्युमिनियमची एफएल फार देखणी, १२ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानी स्टारफायटर पाडणारं विमान याच जातीचं. पण धातूचा रंग पृष्ठभागावरचा केसभर ओरखडासुद्धा लपवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलसाठी ठेवा.

फोटो छापील किंवा अधिकृतरीत्या प्रसिद्ध झालेले वापरा. दहाव्या मैलापासून ओझरपर्यंत कुठेही धावपट्टीच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभं राहू नका. तो संरक्षण खात्याचा परिसर आहे.

सामान

किट आणि खास रंग ऑनलाइन मागवावे लागतात. बाकीचं बरंच गावात मिळतं. वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचे सातपूर-अंबडकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात. सपाट सिंथेटिक ब्रश आणि ऑइल कलरच्या ट्यूबा मेन रोड, एमजी रोडच्या स्टेशनरीत. रंग मोजून घ्यायला मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज. सुटे भाग धरायला इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या मगरचिमट्या बांबूच्या काड्यांना बांधून घ्या. स्प्रू कटर (चौकटीतून भाग कापून काढायला), धारदार हॉबी नाइफ, बारीक टोकाचा चिमटा आणि पातळ प्लॅस्टिक सिमेंट या चार गोष्टींत मात्र काटकसर करू नका.

एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन, हवाच का? नको. पहिलं मॉडेल ब्रशने उत्तम होतं. घ्यायचाच असेल तर ०.३ मिलिमीटर नोझलचा, डबल ॲक्शनचा (हवा आणि रंग वेगवेगळे सोडता येतात असा) घ्या आणि १५ ते २० पीएसआय दाबावर चालवा.

रंगांची जात ओळखा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. व्हॅलेहोसारखे रंग पाण्यातले आहेत. ते पाण्याने किंवा त्यांच्याच थिनरने पातळ करायचे. त्यात अल्कोहोल घातलं की रंगाच्या गाठी होतात आणि एअरब्रश तुंबतो. तामियाचे ॲक्रिलिक मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने छान पातळ होतात. हंब्रोलचे एनॅमल टर्पेंटाइनवर चालतात. मिस्टर कलर हे लॅकर, त्यांना त्यांचंच थिनर. एका विमानावर तुम्ही एकाहून जास्त जाती वापरू शकता, पण एका डबीत दोन जाती एकत्र करू नका. नेलपॉलिश रिमूव्हर टेबलाच्या आसपासही नको. त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं.

धुणं आणि कॉकपिट

सगळे भाग चौकटीवर असतानाच कोमट पाण्यात दोन थेंब भांड्याचा साबण घालून जुन्या टूथब्रशने हलके धुवा आणि वाळू द्या. साच्यातून सुटावं म्हणून प्लॅस्टिकला लावलेला तेलकट थर राहिला, तर रंग पुढे टेपसोबत सोलून निघतो.

सुरुवात कॉकपिटपासून, कारण धड एकदा चिकटलं की आत हात जात नाही. सोव्हिएत घराण्यातल्या विमानांचं कॉकपिट निळसर-हिरव्या, फिरोजी रंगाचं असतं. मिग-२१ ची ती ओळखच आहे. पूर्ण कॉकपिट या रंगाने रंगवा, मग उपकरणांचे पॅनल गडद करड्या-काळ्या रंगाने. ते वाळलं की ब्रशवर अगदी किंचित फिका करडा घ्या, जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका, आणि पॅनलवरून हलका फिरवा. उठावाच्या कडा तेवढ्या रंग पकडतील आणि डायल, बटणं उमटून येतील.

इजेक्शन सीटचे पट्टे मास्किंग टेपचे करता येतात. काचेवर टेप लावून तिच्यातून साधारण ०.६ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा. खऱ्या मापात ती चार सेंटिमीटरच्या थोडी वर जाते, आणि पट्टा तेवढाच असतो. चिमट्याने सीटवर आडवी-तिरपी बसवा, फिक्या खाकी रंगाचा हात द्या, बक्कलच्या जागी चंदेरी ठिपका. वर काच बसल्यावर बाहेरून दिसतं ते एवढंच, त्यामुळे कॉकपिटमध्ये याहून जास्त वेळ घालवू नका. तो वेळ सांध्यांना द्या.

किटच्या सूचनापत्रात नाकात वजन घालायला सांगितलं असेल तर धड बंद करण्याआधीच घाला. मासे पकडायच्या गळाचं शिसं चालतं. हाताळल्यावर हात धुवा. वजन विसरलं तर तयार विमान शेपटीवर बसतं आणि मग इलाज नसतो.

सांधे आणि प्रायमर

धडाचे दोन अर्धे जोडताना पातळ सिमेंट सांध्याच्या कडेला नुसतं टेकवा, ते आपोआप आत ओढलं जातं. हलका दाब दिला की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ वर येते. ती पुसू नका. एक दिवस वाळू द्या आणि मग आधी ४००, मग ६००, शेवटी १००० च्या वॉटर पेपरने पाण्यात भिजवून घासा. राहिलेल्या फटीत पुट्टी भरा. पंख धडाला भेटतो तिथली फट पॅनलची रेघ (पत्र्यांच्या जोडाची बारीक खाच) समजून सोडून देण्याचा मोह होतो. फोटो पाहिला की कळतं, तिथे एवढी रुंद रेघ नाही.

मग करड्या प्रायमरचा पातळ थर. प्रायमर दोन कामं करतो: रंगाला पकड देतो आणि चुका दाखवतो. नुसत्या प्लॅस्टिकवर न दिसलेला सांधा प्रायमरखाली लख्ख दिसतो. पुन्हा घासा, पुन्हा मारा. इथे घालवलेली संध्याकाळ शेवटी सगळ्यात जास्त फळते.

कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, आतापर्यंत वेगळीच ठेवायची. तिच्या चौकटीवर रंग द्यायला काचेचा भाग टेपने झाका: टेप लावा, टूथपिकने कडेला दाबा, चौकटीची रेघ उमटली की नव्या ब्लेडने त्या रेघेवरून कापा. आधी आतल्या रंगाचा हात द्या, त्यावर बाहेरचा करडा. म्हणजे आतून पाहिलं तरी चौकट योग्य रंगाची दिसते. चिकटवताना फेव्हिक्विक वापरू नका, तिच्या वाफेने काच पांढुरकी होते. साधा फेव्हिकॉल पारदर्शक वाळतो आणि कॅनोपीला तो पुरतो.

मुख्य रंग, आणि नाशिकची हवा

रंग दुधाइतका पातळ करा. डबीतून थेट ब्रशवर घेतलेला रंग कधीही पहिल्या हातात झाकण्याचा प्रयत्न करू नका. सपाट ब्रशने एका दिशेने पातळ हात द्या. पहिला हात डागाळ आणि केविलवाणा दिसेल, दिसू द्या. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने. तिसरा, गरज पडली तर चौथा. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरवला की खालचा थर उखडतो, म्हणून एक भाग झाला की तिकडे वळून पाहू नका.

सूचनापत्रातला रंग जसाच्या तसा लावला तर लहान मॉडेलवर तो गडद वाटतो. खरं विमान आपण लांबून पाहतो, मधल्या हवेने त्याचा रंग फिका झालेला असतो. म्हणून मूळ करड्यात थोडा पांढरा मिसळा. किती, ते फोटो शेजारी ठेवून डोळ्यानेच ठरवा.

दोन करड्या छटा असतील तर फिकी आधी, पूर्ण विमानावर. दुसरीसाठी सीमा आखायची. खऱ्या विमानावर दोन रंग एकमेकांत पाच सेंटिमीटरभर मिसळले असतील, तर मॉडेलवर ते अंतर ०.७ मिलिमीटर होतं. एअरब्रशवाल्यांनी ब्लूटॅकच्या (मळता येणाऱ्या चिकट पुट्टीच्या) बारीक वळ्या सीमेवर ठेवून वरून फवारावं, किंचित मऊ कड मिळते. ब्रशवाल्यांनी सरळ स्वच्छ कड ठेवावी. या प्रमाणात ती डोळ्याला खटकत नाही. मास्किंग टेप मॉडेलवर लावण्याआधी काचेवर किंवा हाताच्या पाठीवर एकदा चिकटवून काढा. तिचा चिकटपणा कमी होतो आणि काढताना रंग सोबत येत नाही.

आता हवामान. जुलै ते सप्टेंबर नाशिकची हवा दमट असते, आणि त्या दिवसांत लॅकर किंवा स्प्रे कॅनचा थर मारला तर त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो. वाळताना थर थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. पावसाळ्यात घासकाम, कॉकपिट, चाकं ही कामं करा आणि फवारणीसाठी उघाडीचा कोरडा दिवस धरा. एप्रिल-मेच्या दुपारी उलटं होतं: ॲक्रिलिक ब्रशवरच, एअरब्रशच्या सुईवरच वाळतो. तेव्हा सकाळी रंगवा आणि रंगात रिटार्डरचा (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा) थेंब घाला. डिसेंबर-जानेवारीत थंडीने स्प्रे कॅनचा दाब पडतो आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ कधीही नाही.

गच्चीवर फवारत असाल तर मोठं खोकं आडवं ठेवून त्याच्या आत फवारा, वारा आणि धूळ दोन्ही अडतात. लॅकर आणि एनॅमलसाठी कार्बन कार्ट्रिजचा मास्क लागतो. कापडी मास्क वाफ अडवत नाही. घरात लहान मूल असेल तर खिडकी उघडून चालणार नाही, जागाच वेगळी हवी.

चकचकीत थर, मग डिकल

मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील खूण, लावलं की खाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी चमकते. म्हणून आधी पूर्ण विमानाला ॲक्रिलिक ग्लॉसचे दोन पातळ थर द्या आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या.

पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते चालतं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग करड्या रंगावर उठून दिसतात. डिकल कापून कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद बुडवा, बाहेर काढून कागदावरच मिनिटभर राहू द्या. बोटाच्या हलक्या स्पर्शाने सरकायला लागलं की तयार. विमानावर जागा ओली करा, कागद तिथे टेकवा आणि ब्रशने डिकल सरकवा. जागेवर आलं की ओल्या इअरबडने मधून बाहेरच्या बाजूला पाणी काढा.

आता डिकल मऊ करणारं द्रावण लावा आणि हात मागे घ्या. मिनिटभरात डिकलवर सुरकुत्या पडतात, वाटतं सगळं बिघडलं. हात लावू नका. ते मऊ होऊन स्वतःच खाली बसतं, सुरकुत्या ओढल्या जातात, आणि तासाभराने पाहाल तर पॅनलची रेघ हवाई दलाच्या चक्रातून आरपार गेलेली दिसते, जणू चक्र पत्र्यावरच रंगवलंय. या छंदात मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच आहे.

हवाई दलाच्या गोल चक्रात केशरी मध्ये, पांढरा त्याभोवती आणि हिरवा बाहेर. शेपटीवरच्या पट्ट्यात केशरी पुढच्या कडेला येतो, म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकमेकींच्या आरशातल्या. ही डिकलं लावण्याआधी सुकीच शेजारी ठेवून बाजू तपासा. बारीक अक्षरांच्या सूचना, ज्या खऱ्या विमानावर तंत्रज्ञांसाठी लिहिलेल्या असतात, त्या सगळ्या लावल्याच पाहिजेत असं नाही. फोटोत दिसतात तेवढ्या लावा. सगळं वाळलं की डिकलवरून ग्लॉसचा आणखी एक थर, म्हणजे पुढच्या वॉशपासून (रेघांत भरायच्या अगदी पातळ रंगापासून) ती सुरक्षित.

पॅनलच्या रेघा आणि झीज

वॉश घरी होतो. ऑइल कलरच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि काळा यांचं मिश्रण वाटाण्याएवढं घ्या आणि बिनवासाच्या टर्पेंटाइनमध्ये गढूळ पाण्याइतकं पातळ करा. नुसता काळा नको. करड्या विमानावर काळ्या रेघा व्यंगचित्रासारख्या दिसतात. बारीक ब्रशचं टोक रेघेवर एकाच जागी टेकवा. वॉश स्वतःच रेघेतून पळत जातो, फाट्यावर दोन्हीकडे वळतो. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये ओलसर केलेला इअरबड नाकाकडून शेपटीकडे पुसत न्या. खऱ्या विमानावर हवा त्याच दिशेने वाहते, आणि राहिलेली किंचित मळ त्याच दिशेने ओढली गेली पाहिजे. मुख्य रंग एनॅमल असेल आणि वर ॲक्रिलिक ग्लॉस नसेल, तर हा वॉश रंगच विरघळवेल. म्हणून तो थर वगळायचा नाही.

झिजेच्या बाबतीत हात आखडता ठेवा, हे मी कळकळीने सांगतो. नवखे लोक चंदेरी ब्रशने जागोजागी टवके उडवतात. एक मिलिमीटरचा टवका खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरचा होतो, आणि आपल्या हवाई दलाचे तंत्रज्ञ विमान तसं ठेवत नाहीत. फोटोत जे दिसतं तेवढंच: पोटाखाली तेलाचे एक-दोन ओघळ, तोफेच्या तोंडामागे धुरकट छटा. यासाठी सुका पेस्टल घासून केलेली पूड मऊ ब्रशने लावा. पूड मॅट थरावर चिकटते, म्हणून आधी पूर्ण विमानाला मॅट किंवा सॅटिन वार्निशचा थर द्या.

शेपटीकडचा एक्झॉस्ट मात्र मन लावून करावा. आधी गडद धातूचा रंग, मग कडेला किंचित तपकिरी, त्याला लागून निळसर छटेचा अगदी पातळ हात, आतल्या बाजूला काजळी. तापून थंड झालेल्या धातूचे हे पट्टे फोटोत पाहून, एकेक करून, खूप पातळ रंगाने चढवा. इथे थर दिसला की परिणाम गेला.

चाकांचे टायर कधीही शुद्ध काळे नसतात, गडद करड्याने रंगवा. मिग-२१ च्या चाकांचा मधला भाग ठळक हिरवा असतो. संपूर्ण करड्या विमानाखाली तो हिरवा ठिपका फार खुलतो, आणि जाणकार माणूस आधी तिथेच पाहतो.

शेवटची जोडणी

चाकांचे पाय, दारं, क्षेपणास्त्रं, अँटेना सगळं वेगळं रंगवून शेवटी लावा. जोडायच्या जागी आधीचा रंग थोडा खरवडा, कारण सिमेंट प्लॅस्टिकला धरतं, रंगाला नाही. तिन्ही चाकं लावल्यावर विमान काचेवर ठेवून समोरून पाहा. एक पंख खाली असेल तर सिमेंट ओलं असतानाच पाय किंचित वळवता येतो.

नाकावरची लांब पिटो नळी (विमानाचा वेग मोजायची) अगदी शेवटी. ती लागल्यावर विमान उचलताना नेहमी पोटाखालून, पंखांच्या मुळाशी धरून उचला. शोकेस खिडकीसमोर ठेवू नका, दुपारच्या उन्हाने रंग फिके पडतात. काचेचं दार नसेल तर महिन्यातून एकदा मेकअपच्या मऊ, कोऱ्या ब्रशने धूळ काढा, नाकाकडून शेपटीकडे, आणि पिटो नळीपाशी आलात की ब्रश उचलून घ्या.